नांगराचा दिवा

सूर्य मावळायच्या आत मीटरवर १२.७ व्होल्ट, सकाळी १२.५. बोटीच्या छपरावरचं सौर पॅनेल दिवसभर बॅटरी भरायचं, रात्रीत ती थोडी उतरायची. नवा मीटर बसवल्यापासून पेरिनाबाईंनी एकोणीस दिवस हेच वहीत लिहिलं होतं. बोटीचा मुख्य स्विच मात्र रोज बंदच असे.

बेटावरच्या शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईंना ही गळती बघवेना. त्यांनी तादियाला बोलावलं. तो त्यांचाच विद्यार्थी, आता बोटींचं वायरिंग करायचा.

"बाई, भूत असेल," बॅटरीच्या कप्प्यात डोकं घालून तो म्हणाला.

"भुताला किती अँपिअर लागतात, मोजून सांग."

तो हसला आणि लगेच ओशाळला. तीन वर्षांपूर्वी हीच बोट बाहेरच्या खडकांपाशी नांगरावर उभी सापडली होती, रिकामी. बाईंचा नवरा आंद्रो सापडला नव्हता. मृतांच्या दिवशी चर्चमध्ये वाचायच्या नावांची यादी करताना धर्मगुरू डॉन श्पिरो दर ऑक्टोबरात बाईंच्या दारी येऊन विचारत, आंद्रोचं नाव घालू का? बाई म्हणत, पुढच्या वर्षी बघू. यंदाची यादी आज संध्याकाळी पुरी होणार होती.

तादियाने पॅनेलची तार सोडवून बॅटरीच्या तारेत मीटर लावला. जवळजवळ शून्य. दिवसा काहीच ओढत नाही, म्हणाला.

"मग उजेड-काळोख कळणारं काहीतरी आहे," बाई म्हणाल्या.

मुख्य स्विचला वळसा घालून एक बारीक लाल तार थेट वर गेली होती. तिच्या मागाने तादिया छपरावर चढला. नांगराच्या दिव्याखालच्या काचेच्या डोळ्यावर त्याने तळहात ठेवला. भर दुपारी दिवा लागला. मीटर ०.८ अँपिअरवर गेला.

बाईंना उलगडा झाला. बॅटरी वाचवायला आंद्रो मुख्य स्विच बंद करूनच झोपायचा. त्याबरोबर हा दिवाही विझायचा. नांगरलेल्या बोटीवर रात्रभर दिवा हवाच म्हणून बंदर कचेरीने त्याला दोनदा झापलं होतं. त्यावर त्याने ही तोड काढली, आणि घरी सांगितलं नाही.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" तादियाने विचारलं.

"मी अंधार पडायच्या आत घरी जाते."

तो हात तसाच ठेवून खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गावाला वाटायचं, तुम्हीच लावता. काकांसाठी. म्हणून कुणी तुमच्याकडे विषय काढला नाही. रात्री परतणारे कोळी इथून जाताना इंजिन हळू करतात, बाई."

बाईंनी वही मिटली. पाण्यावर पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब उन्हात दिसतही नव्हतं.

"हात काढ," त्या म्हणाल्या.

दिवा विझला.

"तार कापू?"

"नको. स्विचवर घे. यापुढे कुणी लावला तरच लागू दे." त्यांनी वही पिशवीत टाकली. "आणि जाताना डॉन श्पिरोंना सांग, यादीत आंद्रोचं नाव लिहा."