रोज एक उत्तर

“मावसा, ते बटणच काढून टाकलंय,” दीपाली म्हणाली.

“नीट बघ. तूच दाखवलं होतंस ना?”

“दाखवलेलं. आता नाय. नव्या अपडेटमध्ये गेलं. दुसरा ब्राउझर टाकून बघितला, त्यातपण नाय.”

दीपाली माझ्या बायकोची, मंगलाची, भाची. बोईसरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते आणि रविवारी शिरगावला माझ्याकडे येते. मंगला जाऊन चौदा महिने झाले.

मंगला दुपारची या कॉम्प्युटरवर बसायची. बायकांची स्वयंपाकाची एक वेबसाइट आहे. तिथे कुणी विचारायचं, सोडे किती वेळ भिजवायचे, सुक्या बोंबलाचा वास कसा घालवायचा, आणि मंगला उत्तर लिहायची. मी तारापूरच्या कारखान्यात पंप दुरुस्त करायचो. ती काय लिहिते ते मी कधी विचारलं नाही.

ती गेल्यावर वाचायला गेलो, तर पानावर अक्षरं झाकणारा पडदा यायचा, ‘ॲप घ्या’. ॲप घेतलं, त्यात जुनं काहीच नव्हतं. तेव्हा दीपालीने सांगितलं, हा पडदा पानात लपलेला छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, टाकते. ब्राउझरमध्ये एक बटण असतं, त्याने स्क्रिप्ट बंद केली की नुसती अक्षरं राहतात. तिने ती बंद करून दिली आणि मी रोज एक उत्तर वाचू लागलो. एकच. एका उत्तरात मंगलाने लिहिलं होतं, ‘आमच्या यांना तिखट सोसत नाही, पण सांगणार नाहीत. पाणी जास्त प्यायले की मी समजते.’ छत्तीस वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती.

“किती राहिलीत?” दीपालीने विचारलं.

“नव्वदेक.”

“अवो, मग एका दमात वाचायची होती! रोज एक, पोथी हाय का ती?”

“संपली असती ना.”

ती पुन्हा सगळ्या सेटिंग उघडून पाहू लागली. मी पाठीमागे उभा होतो.

“कोणाला विचारून काढलं?” मी म्हणालो.

“ते कोणाला विचारतात, मावसा? म्हणे, लोक चुकून बंद करतात नि पानं बिघडतात.”

“मी चुकून नव्हतं केलं.”

“तुमी नाय केलं. मीच केलेलं.” ती उठली. “भात टाकते.”

मी खुर्चीत बसलो आणि पान पुन्हा उघडलं. कॉम्प्युटर जुना आहे, पडदा आणायला त्याला क्षणभर लागतो. तेवढ्यात अक्षरं दिसली. ‘आमचे हे कामावरून’, आणि वर पडदा. पुन्हा उघडलं. ‘कामावरून आले की’. पान खाली सरकवायला वेळ पुरत नव्हता. वरची ओळच तेवढी हाती लागत होती, बाकीचं उत्तर खाली होतं.

“मावसा, पान घेतलंय. या जेवायला.”

“आलो.”

पुन्हा उघडलं. या वेळी ‘आधी’ एवढा शब्द वाचून झाला.