दार लाव, मग बोल

बुधवारची ती ऑनलाइन बैठक संपली की माझं डोकं उठतं. सात देशांतले समुपदेशक एका पडद्यावर, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्याकडे चालतं तेच खरं. बर्लिनची क्लारा परवा म्हणाली, समोरच्याचं दार बंद नसेल तर ते समुपदेशनच नव्हे. वाद घालायचं त्राण नव्हतं माझ्यात. म्हटलं, असेल बाई.

आता माझी नेत्रा दाभोळची. रत्नागिरीला माझ्याकडे समुपदेशनाला यायचं तर तिचा अख्खा दिवस मोडतो, म्हणून आम्ही फोनवरच, व्हिडिओ लावून बोलायचो. गेल्या वर्षी तिचं तान्हं बाळ गेलं. नवरा, संदेश, मुंबईला कामाला. तो शिमग्याला घरी येणार, आणि या खेपेला सगळ्यांना पाळणा हलायला हवा होता. नेत्राला नको होतं. एवढी एक गोष्ट तिला घरात सांगता येत नव्हती. मलासुद्धा ती कोलंबी सोलता सोलता, मान खाली घालून, अर्धीमुर्धी सांगायची. हातात काम असलेल्या सुनेला कोणी काही विचारत नाही. सासू, सखूबाई, तिथेच घरात वावरत असायची.

आणि मी काय करावं? क्लाराचं शहाणपण तिच्या गळ्यात मारलं. सांगितलं, हातातलं काम ठेव, दार लाव, मग बोल.

बिचारीनं ऐकलं. कडी घालून रिकाम्या हातांनी फोनसमोर बसली, आणि तोंडातून शब्द फुटेना. कोळीवाड्यात भर दिवसा कडी कोण घालतं? सखूबाईनं दार बडवायला सुरुवात केली. बाळापाठोपाठ ही पण जीवाचं काही करून घेते की काय, असंच वाटलं असणार तिला. आवाज पार चिरकला होता. नेत्रा कडी काढायला धावली. फोन तसाच चालू राहिला.

मी इथे खुर्चीत नुसती बसून. इतक्या लांबून कुणाच्या पाठीवर हात थोडाच ठेवता येतो! या ऑनलाइनचा असा संताप आला मला त्या वेळी.

सखूबाई रडत रडत तेच तेच विचारत होती, दार लावून बोलण्यासारखं असं आहे तरी काय.

“आई, मला आता परत मूल नको. पुढचं मला काय ठाऊक नाय.”

पलीकडे कोणीतरी खाली बसल्याचा आवाज आला.

“माझा मधला गेला,” सखूबाई म्हणाली, “तेव्हा मला कोणी विचारलंच नाय गो. वर्षात संदेश झाला.” मग नाक ओढून म्हणाली, “त्याला तू काय बोलू नको. मी सांगते.”

मी बोलायला तोंड उघडलं, तोच परत सखूबाईचा आवाज आला.

“आणि त्या बाईला आता फोन ठेव म्हणावं.”

मी ठेवला.