ओला दुपट्टा

साहेबांनी चौकशीचा कागद शालिकरामपुढे सरकवला. ‘जवान बळीराम याने श्वसनसंच उपलब्ध असूनही स्वतःच्या निष्काळजीपणामुळे वापरला नाही.’ खाली अग्निशमन केंद्राच्या प्रमुखाची, म्हणजे शालिकरामची, सही तेवढी राहिली होती.

संच गाडीवर होता, सिलिंडर भरलेलं होतं, बळीरामने ते पाठीवर घेतलं नाही. सगळं खरं. का घेतलं नाही, एवढंच त्या कागदात नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात फर्निचरच्या गोदामाला आग लागली, तेव्हा बळीराम नियमाप्रमाणे संचाचा मास्क चढवत होता. शालिकराम खापा गावचा गडी. तीस वर्षं नाकाला ओला दुपट्टा बांधून धुरात शिरलेला आणि त्याचाच तोरा मिरवणारा. सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "काहून गा नवरदेवा, बाशिंग बांधून राहिला का?"

जवान खदाखदा हसले. त्या दिवसापासून मास्कला कुणी हात लावला नाही. सुरक्षेच्या बैठकीत साहेब जखमींचे आकडे वाचायचे, शालिकराम मान डोलवायचा आणि केंद्रात दुपट्टे भिजत राहायचे.

परवा गाद्यांच्या कारखान्यात फोम पेटला. बळीराम दुपट्टा बांधून आत गेला आणि त्याला उचलून बाहेर आणावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, छाती पहिल्यासारखी होणार नाही.

शालिकरामने ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’ खोडून वर लिहिलं, ‘केंद्रप्रमुखाने चारचौघांत थट्टा केल्यामुळे’. साहेबांनी खात्याच्या अब्रूचा विषय काढला, शालिकरामच्या निवृत्तीला उरलेल्या पाच महिन्यांचा काढला, मग असला कागद वर जात नसतो म्हणून नवा छापून मागवला.

"मी त्याच्यावर सही नाही करत," शालिकराम म्हणाला. "पोरगं माह्यामुळं पडलं, साहेब."

नव्या कागदावर दुसऱ्याच कुणाची तरी सही झाली. दोष बळीरामच्या नावावर राहिला. शालिकरामला कुणी साधा जाबही विचारला नाही, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

दोन महिन्यांनी बळीराम कामावर आला, तो टेलिफोनच्या टेबलावर. त्याच आठवड्यात दुपारी घंटा झाली. आता शालिकराम सगळ्यांआधी संच पाठीवर घ्यायचा, आणि त्याच्यामागून जवानही मुकाट्याने घ्यायचे. कुणी हसत नव्हतं.

बळीराम पत्ता लिहिलेली चिठ्ठी धरून उभा होता. "धरमपेठ," तो म्हणाला आणि खोकला. "शाळेच्या मांगं..." पुन्हा खोकला.

थांबायला वेळ नव्हता. शालिकरामने चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली आणि तो गाडीत चढला. गाडी फाटकाबाहेर पडली, तरी बळीराम टेबलाला धरून उरलेला पत्ता सांगतच होता.