पाणखडीची माशी

मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पाणखडीच्या फाट्यावर एक फ्लेक्स लागला. त्यावर कुणाचा वाढदिवस नव्हता, की कुणाची बिनविरोध निवड नव्हती. त्यावर एक माशी होती. खरी माशी खसखशीच्या दाण्याएवढी, फ्लेक्सवरची रेडकाएवढी. ठिपक्याठिपक्यांचे पंख, काळे बटबटीत डोळे, खाली वळलेली सोंड आणि वर लाल अक्षरांत ‘पाणखडीचे नाव सातासमुद्रापार’. कोपऱ्यात डॉ. वैजयंती म्याकल यांचा फोटो, कॉलेजच्या वेबसाइटवरून उचललेला, त्यामुळे जरा विस्कटलेला. येणारेजाणारे थांबून बघायचे आणि विचारायचे, ही कसल्या औषधाची जाहिरात म्हणून.

वाडीच्या लोकांना हसण्यात अर्थ नाही. करमाळ्यापासून आत, माळावर, धनगरांची जेमतेम वीस घरं. रस्त्याला पाटी नाही. ग्रामपंचायत शेजारच्या देवखेडची, रेशन देवखेडचं, मतदानही देवखेडला. एसटीच्या कंडक्टरला पाणखडी म्हटलं की तो मान वर न करता सांगायचा, असा स्टॉपच नाही, देवखेडचं तिकीट घ्या. अशा वाडीचं नाव परदेशात छापून आलं तर माणसं माशीचासुद्धा फ्लेक्स लावणारच.

माशीला वाडीचं हे नाव दिलं होतं वैजयंतीनं. ती सोलापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. भवानी पेठेत, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी. लेक डॉक्टर झाली म्हणजे कुठेतरी इंजेक्शनं देत असणार, असं तिच्या आईला आजही वाटतं. तिचं खरं काम शेजारीपाजारी सांगण्यासारखं नव्हतंच. गुराढोरांना आणि मेंढरांना चावणारी जी बारीक मुरकुटं असतात, त्यांच्या जाती ओळखायच्या. पावसाळाभर मेंढरांजवळ दिव्याचा सापळा टांगायचा, सकाळी बरणीत साचलेला काळा चुरा घेऊन यायचा, त्यातलं एकेक मुरकूट सुईच्या टोकावर उचलायचं, पंख, डोकं, पोट सुटं करून काचेवर बसवायचं आणि मान मोडेपर्यंत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. लग्न जमवायला आलेल्या एका पाहुण्यानं हे ऐकून चहा अर्धा टाकला होता.

सापळा टांगायला जागा दिली ती पाणखडीच्या आप्पांनी. नाव जोतीराम, पण सगळी वाडी त्यांना आप्पाच म्हणते. त्यांच्या वाघरीला, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीला लागून एक बाभूळ होती, तिच्या फांदीवर वैजयंतीचा दिवा दोन पावसाळे लटकला. आप्पांची बायको कस्तुराबाई तिला मेंढीच्या दुधाचा चहा करून द्यायची आणि कामाच्या मोबदल्याचा विषय निघाला की दोघंही उठून जायची. आप्पांनी मागितलं ते एकदाच, तेही बोलता बोलता. म्हणाले, “मॅडम, तुमी कायबाय लिवता. त्यात आमच्या वाडीचं नाव कुटंतरी येऊ द्या की.”

दुसऱ्या पावसाळ्यात एका पंखावरचे ठिपके कुठल्याच वर्णनाशी जुळेनात. वैजयंतीनं जुनी वर्णनं पालथी घातली, बाहेरच्या जाणकारांना फोटो पाठवले, आणि सगळ्यांचं एकच उत्तर आलं, की ही जात आजवर कुणी नोंदवलेली नाही. आता तिला नाव द्यायचा मान वैजयंतीचा. ह्या शास्त्राच्या लोकांचं जरा वेगळंच असतं. ज्याच्यावर जीव असेल त्याचं नाव ते उवेला देतील, गोचिडीला देतील, आणि यापरता मोठा सन्मान नाही म्हणून डोळ्यांत पाणीही आणतील. वैजयंतीनं पाणखडीचं नाव लावलं. पाणखडीएन्सिस, म्हणजे पाणखडीची. ती पेढे घेऊन सांगायला गेली, तेव्हा आप्पांनी एवढंच विचारलं, की ही चावती का. चावते, असं ती म्हणाली, तशी सगळी वाडी पोट धरून हसली. त्या हसण्यात ती स्वतःही होती, आणि पुढे तिला सगळ्यात जास्त तेच हसणं खायला उठायचं.

दिवाळी झाली आणि तालुक्यात मेंढरांना निळ्या जिभेचा रोग आला. तोंड सुजतं, लाळ गळते, मेंढरू लंगडायला लागतं आणि जीभ निळसर पडते. हा रोग अशीच मुरकुटं चावून पसरवतात. ही नवी जात तो पसरवते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि वैजयंतीनं परदेशात छापलेल्या आपल्या निबंधात तसं स्वच्छ लिहिलंही होतं. पण निबंध वाचतो कोण? फ्लेक्स मात्र सगळ्यांनी वाचला होता. कुणीतरी त्याचा फोटो काढून खाली ‘सावधान’ लिहिलं आणि मोबाइलवर सोडून दिला. पाणखडीत तेव्हा एक मेंढरू आजारी नव्हतं.

करमाळ्याच्या बाजारात आप्पांची नर कोकरं वर्षानुवर्षं सोलापूरचे व्यापारी गैबीसाब उचलायचे. त्या आठवड्यात ते जवळ आले, रामराम केला आणि कोकरांना हात न लावता पुढे गेले. पण खरा घाव बसला तो पुढे. दिवाळीनंतर माळावरचा चारा संपला की पाणखडीचे लोक मेंढरं घेऊन माळशिरसकडे उतरतात. तिकडचे बागायतदार त्यांना शेतात बसवून घेतात. रात्रभर मेंढरं शेतात बसली की जमिनीला लेंडीखत मिळतं, आणि धनगराला धान्य आणि मेंढरांना चारा. एरवी ह्या दिवसांत बोलावणी यायची. त्या वर्षी आप्पांनी आपणहून फोन केले, आणि एकेकानं काहीतरी सबब सांगितली. एकानं मात्र तोंडावर सांगितलं, की तुमची माशी आमच्या गोठ्यात नको. चारा संपलेल्या माळावर मेंढरं किती दिवस तग धरणार?

आप्पा आणि कस्तुराबाई पहिल्यांदाच भवानी पेठेत वैजयंतीच्या घरी आले. वैजयंतीच्या आईनं पाणी दिलं, ते तसंच राहिलं. आप्पा म्हणाले, की मॅडम, तेवढं नाव काढून घ्या. आम्ही मागितलं होतं, आता आम्हीच परत करतोय. रागाचा एक शब्द त्यांच्या बोलण्यात नव्हता.

वैजयंती समजावत राहिली. नाव एकदा छापलं गेलं की देणाऱ्यालासुद्धा मागे घेता येत नाही, असा नियमच आहे. ते मोडतं एकाच वाटेनं: ही जात नवी नाही, आधीच कुणीतरी नोंदवलेली आहे, असं सिद्ध झालं तर. मग जुनं नाव खरं धरतात आणि नवं गळून पडतं.

“मग तसं लिवा की,” कस्तुराबाई म्हणाली. “तुमचं चुकलं म्हना. कुनाला काय कळतंय?”

कुणाला कळलं नसतंही. जगात ह्या मुरकुटांकडे बघणारी माणसं मूठभर, आणि ठिपक्यांचं काय, एक जरा पुसट म्हटला की झालं. वैजयंतीनं नाही म्हणायला वेळ लावला, हे तिचं तिलाच जाणवलं. शेवटी म्हणाली, “मावशी, माझं चुकलेलं नाही. खोटं लिहिता येत नाही मला.”

कस्तुराबाईनं पदर सावरला आणि ती उठली. जाताना तिनं वैजयंतीच्या आईला सांगितलं, की लेक गुणाची आहे तुमची. हे वाक्य तिनं मनापासून म्हटलं की टोमणा मारला, हे वैजयंतीला आजही ठरवता आलेलं नाही.

पण गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती. तिनं विचार केला, की माशी पाणखडीला सापडली, कारण दिवा पाणखडीला टांगला होता. दुसरीकडे टांगला तर दुसरीकडेही सापडेल. आणि ती सगळीकडे आहे हे एकदा दाखवून दिलं, की पाणखडीचा दोष उरतोच कुठे? तिला हे इतकं सरळ दिसत होतं, की रजा टाकून ती सापळे घेऊन निघाली. करमाळ्याच्या बाजारात, माळशिरसच्या दोन गोठ्यांत, आणि एक सापळा चक्क भवानी पेठेत, गल्लीतल्या लालबीच्या शेळ्यांजवळ. गारठ्यात मुरकुटं कमीच पडली. पण डोळ्यांत तेल घालून तिनं एकेक पंख पाहिला, आणि चारही ठिकाणी ते ठिपके सापडले. लालबीच्या शेळीजवळचा पंख दिसला तेव्हा ती खुर्चीतून उठून खोलीभर फिरली. पाणखडी सुटली, असं ती मोठ्यानं म्हणाली, आणि आईला वाटलं कुणाची तरी बाळंतीण सुटली.

एका दैनिकाच्या वार्ताहराला तिनं सगळं नीट सांगितलं. त्यानं लिहूनही नीट घेतलं. मजकुरात एक चूक नव्हती. फक्त मथळा होता: ‘पाणखडीच्या माशीचा जिल्हाभर शिरकाव’.

त्या सकाळी वैजयंतीला काय वाटलं असेल ते सांगायला नको. तिनं वार्ताहराला फोन केला, तो म्हणाला मथळे वरच ठरतात. मग तिनं तडक करमाळ्याचा बाजार गाठला आणि गैबीसाबना शोधून काढलं. त्यांना स्लाईडचे फोटो दाखवले, हे तुमच्या बाजारातलं, हे माझ्या गल्लीतलं, असं करत. गैबीसाब सज्जन माणूस. त्यांनी चष्मा लावून सगळे फोटो पाहिले, तिला बाकावर बसवलं आणि चहा सांगितला.

“मी मानतो, मॅडम,” ते म्हणाले. “माशी सगळीकडं आहे. पण नाव तर एकाच गावाचं आहे ना? आता आमच्या बाजारात निघाली म्हटल्यावर लोक काय म्हणणार? पाणखडीवाल्यांनी आणली.”

वैजयंती इतकी शिकलेली बाई, पण हे साधं गणित तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या लेखी नाव म्हणजे खूण होती, बरणीवर चिकटवायची चिठ्ठी. लोकांच्या लेखी ती माशीची जात होती, गोत होतं, गाव होतं. जिथे जिथे ती माशी सापडेल तिथे तिथे आता पाणखडीच जाऊन पोचणार होती. आपणच उत्साहानं तिला चार ठिकाणी पोचवून आलो, हे कळल्यावर तिला तिथेच, बाजारात, रडू फुटलं. गैबीसाबनी तिकडे पाठ केली, तेवढीच तिची लाज राखली.

परतीच्या वाटेवर तिनं फाट्यावर उतरून पाहिलं, तर फ्लेक्स नव्हता. लाकडी चौकट तेवढी उभी होती. वाडीत म्हातारी माणसं होती. मेंढरं गेली होती. आप्पांना कुठेतरी जागा मिळाली म्हणे, एवढंच एकीनं सांगितलं आणि दार लोटून घेतलं. ह्या वाडीत तिच्या तोंडावर दार कधी लोटलं गेलं नव्हतं.

संक्रांतीनंतर पत्ता लागला. माळशिरसच्या पुढे, ऊस तुटून गेलेल्या एका रानात आप्पांची वाघर लागली होती. वैजयंती पहिली एसटी धरून गेली. आपल्याला हाकलून लावतील अशी तिची तयारी होती, पण कस्तुराबाईनं तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला आणि नेहमीसारखं पोतं अंथरलं. वैजयंती आधी मेंढरांत शिरली. एकेकीचं तोंड उघडून तिनं जीभ पाहिली, खूर पाहिले. सगळी मेंढरं ठणठणीत होती. तिच्या जिवात जीव आला.

एवढ्यात बांधावरून मोटारसायकल आली. रानाचा मालक, शिवराज नावाचा तरुण बागायतदार. चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. त्याच्याही गोठ्यात गाई होत्या, शेळ्या होत्या. तो आप्पांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, की काल एकजण सांगत होता, ही मेंढरं त्या माशीच्या गावची हायेत. खरं काय ते सांगा.

आप्पांनी हातातली काठी जमिनीत रोवली. “आमी देवखेडचं,” ते म्हणाले.

शिवराजचं समाधान झालं नाही. त्याची नजर वैजयंतीवर गेली. ही कोण, म्हणून त्यानं विचारलं. पाहुणी आहे, सोलापूरला कॉलेजात शिकवते, असं कस्तुराबाईनं सांगितलं, तसा तो जरा सावरून उभा राहिला.

“मग मॅडम, तुमीच सांगा. तुमी शिकलेल्या हाय, तुमी खोटं बोलनार न्हाय. हे लोक कुठले?”

आप्पा तिच्याकडे बघत नव्हते. कस्तुराबाई चुलीतलं लाकूड उगीच मागेपुढे करत होती. वैजयंतीनं हातातलं मेंढीचं तोंड अजून सोडलं नव्हतं. त्या मेंढीची ओली, गुलाबी जीभ तिच्या बोटांना लागत होती. ह्या मेंढराला काही झालेलं नाही, हे ती छापून द्यायला तयार होती. पण ते कुणी विचारलंच नव्हतं.

“देवखेडचे,” ती म्हणाली. “मी ओळखते यांना.”

शिवराजनं मान हलवली. उद्यापासून आपल्या पलीकडच्याही रानात बसवा, असं सांगून तो निघूनही गेला. वैजयंती मेंढरांतून बाहेर आली आणि पोत्यावर बसली. तिला वाटलं, आता कस्तुराबाई बोलेल, भवानी पेठेतल्या त्या दिवशीच्या शब्दाची आठवण करून देईल. पण तिनं नुसती कपबशी पुढे केली.

बोलले ते आप्पा, आणि तेही कुणाला दोष न देता, रस्त्याची हकिगत सांगावी तसे.

“कंडक्टर आता पाणखडीचं तिकीट देतो, मॅडम. लगेच वळखतो. आमीच देवखेडचं मागून घेतो.”