पाठमोरी

एकोणीसशे त्र्याहत्तर साली मी पहिल्यांदा शेवटच्या प्रवेशात प्रेक्षकांकडे तोंड केलं. त्याआधी अकरा वर्षं त्या सात मिनिटांत लोकांनी माझा अंबाडा तेवढा पाहिला होता.

नाटकातले नवरा-बायको आम्ही, आणि घरचेही आम्हीच. शेवटी नवरा आपल्या चुका कबूल करतो, ते लांबलचक भाषण यांचं. मी पाठमोरी उभी राहून ते अख्खं भाषण ओठांतल्या ओठांत यांना पुरवायची. यांचं पाठांतर कच्चं. ही गोष्ट आम्हा दोघांपलीकडे कुणालाच ठाऊक नव्हती. वाक्यावाक्याला किती सुंदर थांबतो हा माणूस, असं लोक म्हणायचे.

त्या वर्षी नाटक नव्याने बसवायला दिग्दर्शक बाई आल्या. तिशीच्या, हातात कायम खडू. तालमीच्या खोलीत त्यांनी फरशीवर माझी जागा आखली आणि म्हणाल्या, "ताई, इकडे वळा."

"मला इथे एकही वाक्य नाही हो."

"म्हणूनच. हा नवरा अकरा वर्षं माफी मागतोय. ऐकणारीचं काय होतं, ते कुणी बघितलंय? आता पाठ त्यांची."

हे हसले. "बाई, लोक माझं तोंड बघायला येतात."

"मग या खेपेला मान बघतील."

सगळी मंडळी खो खो हसली. हे नाही हसले.

घरी मी भांडी घासत होते, तर मागे येऊन उभे राहिले. "अगं, सांग ना त्यांना, नाही जमत म्हणून."

"पाठ करा की. महिना आहे हातात."

"या वयात?" मग हळूच म्हणाले, "चारचौघांत लाज जाईल माझी."

रोज संध्याकाळी मी वही घेऊन बसायची. दोन पानं झाली की हे रेडिओ लावायचे.

पहिल्या प्रयोगाला चौथ्या वाक्यावर यांची गाडी अडली. पाठ लोकांकडे, त्यामुळे डोळे फक्त मलाच दिसत होते. ते डोळे वाक्य मागत होते आणि वाक्य माझ्या जिभेवर होतं. ओठ हलले असते तर पहिल्या रांगेला दिसलं असतं, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हे. दुसऱ्या रांगेतल्या एक आजीबाई पुढे झुकून माझ्याकडे बघत होत्या. असं माझ्याकडे कुणी कधी बघितलंच नव्हतं. मी ओठ मिटून घेतले.

हे थोडा वेळ उभे राहिले आणि भलत्याच बाजूने आत निघून गेले. मी एकटी रंगमंचावर. मग पडदा आला आणि टाळ्या थांबेनात. हे मुद्दामच असं बसवलंय, असं वाटलं लोकांना.

"असंच ठेवू या," बाई आत येऊन म्हणाल्या.

"ठेवा," हे म्हणाले, "दुसऱ्या कुणाला तरी घेऊन."

मी तेव्हा सूड घेतला की काम केलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

बाई पुढे दुसऱ्या गावी नाटक शिकवत राहिल्या. गेल्या वर्षी वारल्या. त्यांच्या विद्यार्थिनीने फोनवर कळवलं. मी आणखी एकोणीस वर्षं कामं केली. यांनी पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. कचेरीतली नोकरी संपवली, बागेत रमले, आणि आता त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. त्या प्रयोगाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. माझ्या एकाही नाटकाला ते आले नाहीत. मी घरी पोचायची तेव्हा माझं ताट वाढून झाकलेलं असायचं.

"गर्दी होती?" एवढंच विचारायचे.

"होती," मी म्हणायची, आणि एकटीच जेवायला बसायची.