एर्मेलिंदच्या झग्याचे बंद

चर्चची घंटा थांबून थांबून वाजायला लागली तेव्हा एस्पेरांस दारात पोदेराकडून पाव घेत होती. पोदेराने सायकलवर बसल्या बसल्याच क्रूस केला आणि विचारलं, "कोण गेलं गे, तीय?"

"एर्मेलिंद," ती म्हणाली. तिला कोणी सांगायला नको होतं. शेजारीण नऊ दिवस मडगावला इस्पितळात पडून होती. "आणखी चार पाव घाल. आज त्यांच्याकडे चूल पेटायची नाही."

पोदेराने पाव पिशवीत घातले. एस्पेरांसची बोटं हल्ली मिटत नसत, म्हणून पिशवी तिच्या कोपरात अडकवली आणि तो निघून गेला. मग एस्पेरांसच्या लक्षात आलं की त्या घराशी आपलं सहा वर्षं बोलणं नाही. पाव तिच्याच ओट्यावर राहिले आणि शुक्रवारपर्यंत कडक झाले.

गावातली बाई मेली की तिला शेवटचं नेसवायचं काम एस्पेरांसचं. चाळीस वर्षं ती ते करत होती. बोलावणं यायची वाट कोण बघतंय? घंटा ऐकली की डोक्याला काळा रुमाल बांधून निघायची. हनुवटी बांधायची, केस विंचरायचे, बोटांत रोजरी गुंफायची, आणि हे सगळं मेलेल्या बाईशी गप्पा मारत. गप्प बसलं की हात जड होतात, असं तिचं म्हणणं. पण गेल्या वर्षी दोन बायांना नेसवताना झग्याचे हूक लावायला तिला दुसऱ्या बाईला हाक मारावी लागली, आणि ते गावभर झालं.

भांडण झालं होतं वाड्यावरच्या खुरसाच्या, म्हणजे क्रूसाच्या, फेस्ताला. तिथे लदीन, म्हणजे सायबिणीची, मारियेची, गाऊन केलेली आळवणी, नेहमी एर्मेलिंद उचलायची. गळा होताच तसा. त्या दिवशी तिने मध्येच हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाली, "एस्पेरांस, तू नुसते ओठ हलव, बाय. सूर आमच्यावर सोड."

सगळे हसले. पोरंटोरंसुद्धा हसली. एस्पेरांसने पुस्तक मिटलं. "बरं तर! मग तू मेलीस की मला बोलावू नका. जा देवाकडे गाऊनवर!"

"तुझा हात लागण्यापेक्षा गाऊनवरच जाईन मी!" एर्मेलिंद काय ऐकून घेणार होती!

झालं. दुसऱ्या दिवशी दोन घरांमधल्या गड्यावरून, म्हणजे कुंपणावरून, एस्पेरांसची दोन भांडी परत आली, तिसऱ्या दिवशी तिने दिलेलं कढीलिंबाचं रोपसुद्धा मातीसकट. त्यानंतर दोघी बोलायच्या त्या फक्त आपापल्या कोंबड्यांशी, आणि तेही पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात. अशा हट्टी बाया मी तरी दुसऱ्या पाहिल्या नाहीत.

आणि त्याच दोघींनी कधीकाळी एका दुपारी शेजारी शेजारी बसून आपापलं मरणाचं बोचकं बांधलं होतं. झगा, मोजे, रोजरी, पांढरा रुमाल. एर्मेलिंदचा झगा निळा होता. त्याची क्रोशाची कॉलर एस्पेरांसने विणली होती आणि पाठीचे बारीक बारीक चौदा हूकही तिनेच लावले होते. "जाडी झालीस तर मी जबाबदार नाही हं," असंही वर सांगितलं होतं.

एर्मेलिंदचा मुलगा ऑर्लांद लंडनहून यायचा होता म्हणून मातीसाठी शुक्रवार ठरला. दोन वाजता गाडी आली, एर्मेलिंद घरी आली. एस्पेरांस काळे कपडे घालून आपल्या सोप्यावर बसली होती. मीस चारला होतं, चर्चमध्ये जायला तिला कोण अडवणार? पण घरात जायचं तोंड नव्हतं. आपणच आपल्या तोंडाने ते दार बंद केलं होतं.

तेवढ्यात गाडीबरोबर आलेला पुरुष हातमोजे चढवत शेजारच्या घरात शिरताना दिसला.

"सायबा!" एस्पेरांस उठलीच. ज्या बाईने डॉक्टरला गुडघासुद्धा दाखवला नाही, तिला आता हा बाप्या नेसवणार? चप्पल एक पायात, एक हातात, अशी ती गड्याच्या फटीतून पलीकडे गेली.

दारात एर्मेलिंदची मुलगी ऑल्गा उभी होती. रडून डोळे सुजलेले. "तीय, तुम्ही येणार नव्हता ना?"

"नव्हते. शब्द माझा होता, मीच मोडते."

"पण मम्मी म्हणायची..."

"ती काय म्हणायची ते अख्ख्या वाड्याला माहीत आहे, पोरी. मी हात लावणार नाही. भिंतीकडे बसेन, सांगेन, तू कर. तेवढा तो बाप्या बाहेर काढ."

ऑल्गाने त्याला चहाला पाठवलं आणि दार लावलं. एर्मेलिंद खाटेवर इस्पितळाच्या चादरीत होती. एवढी मोठी बाई, एवढीशी झाली होती. एस्पेरांस खरंच भिंतीकडे तोंड करून बसली आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले. मनात एकच होतं: कॉलर उसवून टाकली असणार. भांडी परत केली, रोप परत केलं, ती कॉलर काय ठेवते?

ऑल्गाने बोचकं सोडलं. "आता हे कसं घालू, तीय? पाठीला काय काय लावलंय बघा."

एस्पेरांसने मान वळवली. कॉलर जागेवर होती. मग ऑल्गाने झगा उलटा केला. चौदा हुकांतला एकही नव्हता. त्यांच्या जागी बोटभर रुंद फितीचे चार बंद होते, लांब लांब, पक्क्या टाक्यांचे.

"हे कधी केलं हिने?"

"गेल्या वर्षी, उपासाच्या दिवसांत. मी विचारलं तर म्हणाली, हूक आता लागायचे नाहीत. मला वाटलं, स्वतःच्या हातांचं म्हणतेय."

"तिच्या हातांना काय धाड भरली होती? चष्म्याशिवाय सुई ओवायची!" एस्पेरांस म्हणाली, आणि बोलता बोलता तिची नजर आपल्या वाकड्या बोटांवर गेली. ती तिथेच खाटेवर बसली आणि मोठ्याने रडली.

मग डोळे पुसून तिने बाह्या वर केल्या. "सरक, ऑल्गा. हे तुझं काम नव्हे."

केस विंचरले. मोजे घातले. "बघ, कशी पडलीयेस," ती एर्मेलिंदला सांगत होती. "गाऊनवर जाणार होतीस ना? आणि माझ्यासाठी बंद शिवून ठेवतेस! गड्यावरून एक हाक मारायला काय झालं होतं गे तुला? आणि मला तरी काय झालं होतं?" दोघींनी मिळून तिला कुशीवर वळवलं आणि एस्पेरांसने चारही बंद स्वतः बांधले. एकदाही कोणाला हाक मारावी लागली नाही.

साडेतीनला खांद्यावर लाल मुर्स घातलेले कोंफ्रारीचे, चर्चच्या मंडळाचे, लोक क्रूस घेऊन आले. पाद्रीने तीर्थ शिंपडलं. झाकण लावायच्या आधी ऑर्लांद उभा राहिला आणि आईच्या वतीने म्हणाला, "मम्मीने कोणाचं मन दुखवलं असेल तर तिला माफ करा." सगळ्यांनी चोरून एस्पेरांसकडे बघितलं.

"तिचा हिशोब मी मघाशीच मिटवलाय," ती म्हणाली. "तू झाकण लाव, बाबा."

आता गाणं उचलायचं होतं. कोणीच उचलेना. जो तो दुसऱ्याकडे बघत होता, कारण वाड्यावरच्या प्रत्येक मरणाला ते उचलणारी बाई आज पेटीत होती. पाद्री खाकरला. शेवटी एस्पेरांसनेच डोळे मिटून सुरुवात केली. पहिल्याच ओळीला सूर गेला, दुसरीला आणखी गेला.

ती तिथेच थांबली आणि पेटीकडे बघत राहिली. 'नुसते ओठ हलव, बाय,' सहा वर्षं जे मनात सलत होतं तेच आत्ता तिला ऐकायचं होतं. पण थांबवायला आज कोणाचा हात वर आला नाही. मग तिने पुन्हा पहिल्यापासून, तशाच चुकलेल्या सुरात, गाणं उचललं.