सत्तावीस नंबरचा पाना

वाटणी आत्याने केली, आणि ती इतकी चोख केली की त्या दिवसापासून बहीण-भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

वडील गेले तेव्हा घर भाड्याचं होतं, कपाट घरमालकाचं होतं, आणि वाटण्यासारखी एकच वस्तू मागे राहिली होती: पान्यांची पेटी. सहा नंबरपासून बत्तीस नंबरपर्यंत, प्रत्येक नंबरचा एक पाना, एकही हरवलेला नाही. थोरल्याला पूर्ण पेटी हवी होती, कारण तो थोरला होता. धाकटीला पूर्ण पेटी हवी होती, कारण थोरल्याला हवी होती. थोरला लिफ्ट दुरुस्त करायचा आणि धाकटी दातांच्या कवळ्या बनवायची. म्हणजे एकाचा धंदा लोकांना वर पोचवण्याचा आणि दुसरीचा त्यांना चावायला लावण्याचा. थोरला म्हणाला की कवळ्यांना नट-बोल्ट नसतात. धाकटी म्हणाली की लिफ्ट बंद पडली की तू दुसऱ्याच कोणाला तरी फोन करतोस हे सगळ्यांना माहीत आहे. आत्याने दोघांचं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, पाने फरशीवर ओळीने मांडले आणि सम नंबर थोरल्याला, विषम नंबर धाकटीला देऊन टाकले. विषम एकाने कमी भरले, म्हणून धाकटीला वर हातोडी मिळाली. आणि कुठल्याही नटाला बसणारा स्क्रू-पाना आत्याने स्वतःच्या पिशवीत टाकला. ही माझी मजुरी, म्हणाली.

बाजारात पाने मिळत नव्हते असं नाही. पण बारा नंबर विकत आणणं म्हणजे थोरल्याच्या बारा नंबरावाचून आपलं अडतं हे कबूल करणं, आणि त्यापेक्षा धाकटीने नट दाताने सोडवला असता. थोरल्याचंही तेच. त्याने घरातली सतरा नंबरची नळजोडणी दोन वर्षं गळू दिली आणि खाली बादली ठेवली.

मग आत्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि प्रश्न तिच्या मोटरसायकलचा आला.

गाडी स्पोर्ट-टूरिंग जातीची होती. म्हणजे जिच्यावर बसून शर्यतीत असल्यासारखं तर वाटलं पाहिजे, पण सोबत टूथब्रशही मावला पाहिजे. आत्या एकोणीस वर्षं त्या गाडीवरून शहरोशहरी फिरून कारखान्यांतली शिवणयंत्रं दुरुस्त करत होती. धाकटी नऊ वर्षांची असताना आत्याने तिला शाळेच्या फाटकातून उचललं, मागे बसवलं आणि दिवसभर फिरवून संध्याकाळी परत आणून सोडलं, घरी काही सांगायचं नाही या अटीवर. तेव्हापासून ही गाडी पुढेमागे आपलीच, हे धाकटीच्या डोक्यात पक्कं होतं. आत्याने थोरल्यालाही असंच एकदा पळवून नेलं होतं हे तिला पंधरा वर्षांनी कळलं, आणि तिने ते दोघांनाही माफ केलं नाही.

डॉक्टरांनी आत्याला सांगितलं की उजवा पाय आता ठरावीक उंचीच्या वर जाणार नाही. आत्या काठी टेकत घरी आली, दोघांना अंगणातल्या शेडमध्ये बोलावलं आणि नियम सांगितले. एक आठवडा याचा, एक आठवडा तिचा. दर शनिवारी चार वाजता ताबा बदलायचा. गाडीत काय बदल करायचे ते खुशाल करा, पण गाडी चालू हवी, ब्रेक लागले पाहिजेत, दिवे पेटले पाहिजेत.

"ज्याला नको होईल तो बाद," आत्या म्हणाली. "शेवटी जो उरेल त्याची गाडी."

पहिला आठवडा थोरल्याचा. तो सहा फुटांच्या वर, धाकटी पाच फुटांना दोन बोटं कमी. शनिवारी धाकटीने शेडचं दार उघडलं तर गाडीचं आखूड, पुढे झुकलेलं हँडल गायब होतं आणि त्या जागी डोंगरात जाणाऱ्या कुठल्याशा उंच गाडीचं हँडल बसवलेलं होतं. बैलाची शिंगं असतात तसं, रुंद आणि आकाशाकडे. बोल्ट बारा नंबरचे. टाकीवर चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं होतं: "पाठीला बरं पडतं. माझ्या."

धाकटी आठवडाभर त्या हँडलला दोरीवर वाळत घातलेल्या शर्टासारखी लटकून कामाला गेली. एका सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्याने काच खाली करून विचारलं की तुम्ही कोणाला शरण जाताय का.

बारा नंबर तिच्याकडे नव्हता. पण मागचा शॉकअप ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर तोललेला असतो, त्यांचे बोल्ट सतरा नंबरचे होते. तिने भंगारवाल्याकडे दोन दुपारी घालवल्या आणि दुसऱ्याच कंपनीच्या एका मॉडेलच्या, बोटभर लांब पट्ट्या शोधून काढल्या. त्या बसवल्यावर गाडी मागून खाली बसली, ऊन खात बसलेल्या कुत्र्यासारखी. मग मूळ स्टँड लांब पडायला लागलं, तर तिने एका किरकोळ गाडीचं आखूड स्टँड लावलं. तेही सतरा नंबर. चिकटपट्टीवर तिने लिहिलं: "गुडघे जपा. कान फुटतील."

शनिवारी आत्या काठी टेकत खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारली, ब्रेक दाबून पाहिला, काठी सीटला लावून उभी केली आणि म्हणाली, "हं." काठीवर एक लाल रेघ होती. सीट त्या रेघेच्या चार बोटं वर होती. रेघ कसली हे धाकटीने विचारलं नाही. ती थोरल्याचं तोंड बघण्यात गुंतली होती. जाताना आत्या तिच्या कानाशी म्हणाली की एवढ्याने काय होतंय त्याला, अजून बसतोय की आरामात.

थोरल्याच्या कानाशी ती काय म्हणाली ते धाकटीला ऐकू आलं नाही. पण पुढच्या शनिवारी पाय ठेवायचे दांडे मूळ जागेवर नव्हते. ते एका लांबलचक, लोळत चालवायच्या गाडीचे होते, हातभर पुढे बसवलेले, गिअरच्या दांड्यासकट. चौदा नंबर. धाकटीला आता पाय पुढे पसरून, हात वर टांगून, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं जावं लागायचं, फक्त न्हावी ताशी साठ किलोमीटरने समोरून येत असायचा. प्रयोगशाळेत ती आता उभ्यानेच काम करायची. तिने बनवलेल्या एका कवळीत डावीकडे एक दात जास्त निघाला, आणि गिऱ्हाइकाने तो ठेवून घेतला.

ती अजून लांब पट्ट्या घेऊन आली. त्यावर थोरल्याने पोलिसांच्या जुन्या गाडीची गादीसारखी रुंद सीट बसवली, जिच्यावर धाकटीचे पाय फाकून जमिनीपासून आणखी लांब जायचे. त्यावर तिने शॉकअपची स्प्रिंगच बदलली आणि एका म्हाताऱ्या मॉडेलची, मऊ, उदास स्प्रिंग आत घातली. आता गाडीखालून मांजरही वाकून जायचं. त्यावर त्याने पुढे एवढी उंच काच लावली की काचेची कड बरोबर धाकटीच्या डोळ्यांसमोर यायची आणि तिला जग दोन मजली दिसायचं. कोणी कोणाचं काही काढू शकत नव्हतं. हँडल, सीट, काच, दांडे हे सम राज्य होतं. पट्ट्या, स्प्रिंग, स्टँड हे विषम. थोरला गाडीवरून उतरला की कमरेत वाकलेला तसाच राहायचा आणि लिफ्टमधले लोक त्याला काही पडलंय का म्हणून विचारायचे. धाकटीला दोन्ही खांद्यांना मलम लागायचं. पण शनिवारी चार वाजता दोघंही ताठ उभी असायची आणि आत्याला सांगायची की गाडी फार सुखाची झालीय, तिच्याशिवाय आता करमत नाही.

आत्या काठी लावायची. दोन बोटं. मग एक.

"हं," म्हणायची.

सातव्या आठवड्यात चेन वाजायला लागली. चेन सैल पडली होती. ती ताणायची तर मागचं चाक थोडं मागे सरकवायचं, आणि चाक सरकवायचं तर एक्सल ढिला करायचा. एक्सल म्हणजे चाकाच्या मधून आरपार गेलेला बोल्ट: एका बाजूला त्याचं डोकं बावीस नंबर, दुसऱ्या बाजूला नट सत्तावीस. एक धरून ठेवल्याशिवाय दुसरा फिरत नाही. सबंध गाडीत ही एकच जागा अशी होती की जिथे सम आणि विषम एकाच वेळी लागायचे, आणि दोघांनीही सात आठवडे तिकडे पाहणंच टाळलं होतं.

आत्याने चेन काठीने उचलून पाहिली. ती दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी हलली. पुढच्या शनिवारी चारला चेन अशीच असेल तर गाडी भंगारवाल्याकडे जाईल, मग बसा दोघं एकमेकांची तोंडं बघत, असं ती म्हणाली आणि जिना चढून गेली. धाकटीने भंगारवाल्याकडच्या गाड्या पाहिल्या होत्या. एकेक अवयव उपटून नेलेल्या. तिने स्वतःच त्यातले बरेच उपटले होते. ती आठवडाभर नीट झोपली नाही.

त्या शनिवारी ती तीन वाजता शेडमध्ये गेली. थोरला आधीच तिथे उकिडवा बसला होता, बावीस नंबर मांडीवर ठेवून, भिंतीकडे बघत. ती नटाच्या बाजूला बसली. चाकाच्या आऱ्यांतून तिला त्याचं अर्धं नाक दिसत होतं आणि तेवढंही पुष्कळ होतं.

त्याने बोल्टचं डोकं धरलं, तिने नट फिरवायचा प्रयत्न केला. नट हलला नाही. ती पान्यावर उभी राहिली. तरी हलला नाही. थोरला आऱ्यांतून हसल्यासारखं श्वास सोडत होता. मग तिने वाटणीतली हातोडी काढली आणि पान्याच्या दांड्यावर घातली. दुसऱ्या घावाला नट सुटला आणि थोरल्याच्या हाताला झिणझिण्या आल्या. दोन्ही गोष्टींचा तिला सारखाच आनंद झाला.

आता चाक दोन्ही बाजूंनी छोट्या स्क्रूंनी मागे सरकवायचं होतं, आणि दोन्हीकडे अगदी सारखं, नाहीतर चाक तिरकं बसतं. म्हणजे कोणाला तरी मोजावं लागणार होतं. मोठ्याने. दोघंही पेचकस धरून बराच वेळ थांबली.

"एक," थोरला म्हणाला. दोन वर्षांतला त्याचा तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

तिने पाव फेरा दिला. "दोन," ती म्हणाली, कारण तीन त्याला म्हणू द्यायचं नव्हतं. तो तरीही म्हणाला.

सात पाव फेऱ्यांत चेन हवी तेवढी ताणली गेली. चारला दहा कमी होते.

"पाना दे," थोरला म्हणाला.

"का?"

"घट्ट मी करतो. तुझ्या वजनाने नाही होणार."

"नाही झालं तर हातोडी आहे."

"घट्ट करायला हातोडी मारतात का कुठे?"

"तुझ्या लिफ्टमध्ये काय मारतात?"

त्याने नुसता हात पुढे केला. वर आत्याच्या खोलीत काठी वाजली. धाकटीने सत्तावीस नंबर चाकावरून त्याच्या हातात टाकला, जमेल तितक्या जोरात. त्याने बावीस नंबर तिच्याकडे तसाच फेकला. दोघांनी बाजू बदलल्या, एकमेकांना धक्का देत. तिने डोकं धरलं, त्याने अंगाचा सगळा भार देऊन नट आवळला.

चारच्या ठोक्याला आत्या खाली आली. अंगात तिचं जुनं चामड्याचं जाकीट होतं आणि हातात हेल्मेट. तिने चेन पाहिली, ब्रेक पाहिला, काठी सीटला लावली. सीट बरोबर लाल रेघेवर होती.

"हं," आत्या म्हणाली, आणि ऑपरेशन झालेला पाय सीटवरून पलीकडे टाकला. पाय सहज गेला. ती पोलिसांच्या गादीवर ऐसपैस बसली, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, पाठ ताठ. उंच हँडल आपणहून तिच्या हातात आलं. पाय पुढे पसरले, तर दांडे तिथे वाटच बघत होते. काचेची कड तिच्या हनुवटीशी आली. गाडी जणू शिंप्याने तिच्या मापाची शिवली होती.

"आत्या, नियम होता," धाकटी म्हणाली. "ज्याला नको होईल तो बाद."

"हो ना," आत्या म्हणाली. "मग मला कधी नको झाली होती?"

तिने काठी मागच्या पेटीला बांधली, गाडी सुरू केली आणि फाटकातून निघून गेली. चेनचा जरासुद्धा आवाज आला नाही. काम चांगलं झालं होतं.

दोघं शेडमध्ये उभी राहिली. कोपऱ्यात गाडीचे काढलेले मूळ भाग पडले होते: आखूड हँडल, सडपातळ सीट, पट्ट्या, स्प्रिंग.

"सीट तू खाली आणलीस," थोरला म्हणाला.

"हँडल तू वर नेलंस. लिफ्टवाला."

मग धाकटीच्या लक्षात आलं की ताणलेली चेन हजारेक किलोमीटरवर पुन्हा सैल पडते. आत्याकडे स्क्रू-पाना होता, पण एकच, आणि इतक्या आवळलेल्या नटावरून तो घसरणार, फार तर दुसरीकडचं डोकं धरणार. एक्सलला दोन बाजू असतात. आत्याला परत यावंच लागणार होतं, आणि तेव्हा सत्तावीस नंबर ज्याच्याकडे असेल त्याच्याशी तिला गोड बोलावं लागणार होतं.

तिने हाताकडे पाहिलं. हातात बावीस नंबर होता.

थोरल्यालाही नेमकं तेव्हाच सुचलं असावं, कारण त्याने सत्तावीस नंबर पाठीमागे नेला.

"माझा पाना दे," ती म्हणाली.

"आधी माझा दे."

"आधी तू."

अंगणात ऊन उतरलं. पाच वाजले. दोघंही, एकमेकांचे पाने घट्ट धरून, तिथेच उभी होती.